चापाचं वजन

गझल लिहिणाऱ्या माणसाला ‘वजन’ म्हटलं की आधी वृत्त आठवतं. मिसऱ्यात एक मात्रा इकडची तिकडे झाली की जाणकार म्हणतात, वजन गेलं. पण आज मी बोलणार आहे ते पिस्तुलाच्या चापाच्या वजनाविषयी. या माणसाला हे कुठून सुचलं, असं तुम्हांला वाटेल. त्याला कारण माझी भाची.

ती कोल्हापूरला नेमबाजी शिकते. राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्णपदक घेतलं, तेव्हापासून आमच्या आपाच्या घरात दुसरा विषयच नाही. एका स्पर्धेला मी सोबत गेलो होतो. नेमबाजीआधी प्रत्येकाचं पिस्तूल तपासत होते. रिकामं आहे याची खात्री करून पंचांनी नळी सरळ आढ्याकडे धरली, चापाला एक वजन अडकवलं आणि पिस्तूल हळूच वर उचललं. वजन टेबलावरून सुटलं, लोंबकळलं, पण खटका पडला नाही. पिस्तूल पास! ते वजन होतं एक किलोचं.

‘मामू, याहून हलका चाप चालत नाही,’ भाची म्हणाली. ‘हलका असला की नेम हलत नाही ना, म्हणून सगळ्यांना एकच हद्द.’

तिच्या प्रशिक्षकांची शिकवण आणखी गमतीची. चाप इतका सावकाश दाबायचा, की गोळी नेमकी कधी सुटली याचं तुझं तुलाच आश्चर्य वाटावं. मला ते ऐकून बरं वाटलं. चांगली ओळही अशीच सुचते. मग मनात आलं, हेच आश्चर्य कमरेला पिस्तूल लावून हिंडणाऱ्या शिपायाच्या वाट्याला आलं तर?

तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो. चाप मागे ओढून गोळी सुटायला जितका जोर लागतो, तो वजनाच्या मापानं सांगतात. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आधी चढवला नसेल, तर चाप ओढायला पाच-साडेपाच किलोंचा जोर लागायचा, आणि ओढही लांब. (आपल्या मुंबईत सबंध पिस्तुलालाच घोडा म्हणतात, खरा घोडा म्हणजे मागची ती छोटी हातोडी.) हा जडपणा हीच त्या रिव्हॉल्व्हरची कडी आणि तेच कुलूप. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचं तसं नाही. एक गोळी सुटली की वरचा भाग झटक्यानं मागे जातो, रिकामं काडतूस फेकतो, पुढे येताना नवं भरतो, आणि पिस्तूल पुन्हा तयार. अमेरिकी सैन्यानं १९११ साली घेतलेल्या ब्राउनिंगच्या पिस्तुलात घोडा चढवून ठेवता येई, पण अंगठ्याची कळ लावूनच. ऑस्ट्रियाच्या ग्लॉकनं ती कळच काढून टाकली. १९८२ साली त्या देशाच्या सैन्यानं हे पिस्तूल घेतलं. आत सुरक्षेची व्यवस्था तिहेरी आहे. पडलं, आपटलं तरी उडू नये अशी. चापाच्या मध्यभागी एक जीभ असते, ती दाबली गेल्याशिवाय चाप हलत नाही. पण ही सारी कुलपं त्या चापानंच उघडतात. जोर लागतो सुमारे अडीच किलो. आता चाप बोटानं ओढला, की पिस्तूल म्यानात सरकवताना मध्ये अडकलेल्या सदऱ्याच्या टोकानं, हे त्या जिभेला काय कळणार?

न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हर सोडून अशी पिस्तुलं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हीच धास्ती होती. त्यांनी कंपनीकडून जड स्प्रिंग मागितली. पुढे तो चाप बारा पौंडांवर, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोंवर गेला. ‘न्यूयॉर्क ट्रिगर’ हे नावच पडलं. रिव्हॉल्व्हरची जुनी कडी नव्या दाराला लावली, म्हणा ना.

तरी २० नोव्हेंबर २०१४ची रात्र आली. ब्रुकलिनमधल्या एका सरकारी वसाहतीत दिवे नसलेल्या जिन्यात एक नवखा पोलीस हातात पिस्तूल घेऊन शिरला. कसलासा आवाज आला, तो दचकला, गोळी सुटली. ती भिंतीवर आपटून खालच्या मजल्यावरच्या २८ वर्षांच्या तरुणाला लागली आणि तो गेला. त्याच्याजवळ काहीही शस्त्र नव्हतं. २०१६ मध्ये खटला चालला. पोलिसाचं म्हणणं, पिस्तूल आपोआप उडालं. तेव्हा ज्युरींनी ते पिस्तूल मागवून घेतलं आणि चाप स्वतः ओढून पाहिला. बराच जड लागला. इतका जड चाप आपोआप ओढला जाईल कसा? त्यांनी सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला. न्यायाधीशांनी पुढे गुन्हा सौम्य ठरवला; तुरुंगवास झाला नाही.

त्या ज्युरींचा मला राग येत नाही. पण त्यांनी चाप ओढला तो उजेडात, निवांत, फक्त एका बोटानं. दचकलेला हात एका बोटानं काम करत नाही, तो सगळीच मूठ आवळतो. पाय घसरला किंवा डाव्या हातानं कुणाला घट्ट पकडलं, तरी उजवी मूठ नकळत आवळली जाते. पाण्यानं भरलेली बादली आपण याच बोटांनी उचलतो. त्यांना साडेपाच किलो म्हणजे काय? म्हणून मला वाटतं, त्या पोलिसाची चूक होती ती चाप ओढण्याच्याही आधीची. बोट तिथं असायलाच नको होतं.

जड चापाची किंमतही असते. रिकामं पिस्तूल किलोभराचंही नसतं, आणि त्याच्यावर साडेपाच किलोंचा जोर लावायचा. नळी हलणार नाही तर काय होईल? ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर सोळा गोळ्या झाडल्या. तो मेला, पण त्या गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी नऊ वाटसरूही जखमी झाले. दोष चापाचाच, असं म्हणता येणार नाही. गर्दी होती, क्षण थोडे होते. पण तेव्हापासून जड चापावर बोट ठेवणारे पुष्कळ निघाले.

उलटी गोष्टही आहे. सिग सावर कंपनीचं पी-३२० पिस्तूल विशिष्ट कोनात पडलं तर उडतं, असं २०१७ मध्ये दिसून आलं. कारण काय, तर आपटताना चापाचा तुकडा स्वतःच्याच भारानं मागे जात होता. कंपनीनं दुरुस्ती जाहीर केली, तिच्यात चापाचा तुकडाच हलका केला. एकीकडे जड करून सुरक्षा, दुसरीकडे हलका करून. अर्थात एक वजन स्प्रिंगच्या जोराचं, दुसरं तुकड्याच्या धातूचं. पण भाषेत दोन्ही वजनच.

कोल्हापूरच्या त्या स्पर्धेत मी भाचीच्या नेमापेक्षा तिच्या बोटाकडेच जास्त पाहत होतो. पिस्तूल उचलताना, ठेवताना, पंचांशी बोलताना ते बोट चापाजवळ जात नव्हतं. कडेनं सरळ, ताठ. दोन वर्षांत ती सवय इतकी मुरली आहे, की घरी टीव्हीचा रिमोट धरला तरी तिचं बोट बटणांवर नसतं, कडेला असतं. परवा आपा वैतागून म्हणाली, ‘अगं, चॅनेल बदलतेस की नाही?’