पंप कुठे धुतला?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



तणनाशकाच्या विरोधात बोलायला आम्ही उभे नाही, हे आधीच सांगतो. 'तण खाई धन' हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. आठ-आठ दिवस झड लागते, काळ्या रानात डवरा चालत नाही, निंदणाला मजूर मिळत नाहीत आणि कपाशी गवतात बुडते. म्हणूनच १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी सरकारची मान्यता नसलेले, तणनाशकाला दाद न देणारे कपाशीचे बियाणे उघडपणे पेरले.

पण स्वातंत्र्य मागणाऱ्याने हिशेब पुरा ठेवावा. बियाण्याचा आपण ठेवतो, मजुरीचा ठेवतो. पाण्याचा कोण ठेवतो?

कृषी पदवी घेताना आम्ही तणनाशकाची एकरी मात्रा पाठ केली. उरलेले औषध नाल्यात गेले तर तिथे काय मरते, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

तिथे मरतो पाणपिसू. शास्त्रात त्याला डॅफ्निया म्हणतात. ज्वारीच्या दाण्याहून लहान जीव, पण दिवसभर पाणी गाळून त्यातले शेवाळ खातो आणि पाणी निवळ ठेवतो. माशांची पिल्ले त्याच्यावर वाढतात. त्याचा सोबती सायक्लॉप्स. जुन्या लोकांनी नारूचा रोग पाहिला, तो याच्याच पोटातून यायचा. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. आज याच्याच काही जाती डासांच्या कोवळ्या अळ्या खातात.

ग्लायफोसेट तर पाल्यावरचे औषध, मग पाण्यातला जीव का मरावा? औषध पानावर पसरून आत शिरावे म्हणून डब्यात साबणासारखे द्रव्य मिसळलेले असते. पाणपिसवाला मूळ औषधापेक्षा हे द्रव्य कितीतरी जास्त बाधते. अशा एका द्रव्याला ग्लायफोसेटमध्ये मिसळायला युरोपीय संघाने २०१६ साली बंदी घातली. ज्वारीतले अ‍ॅट्राझीन दुसऱ्या वाटेने मारते. ते शेवाळच मारते, म्हणजे पिसवाचा चाराच जातो. पाण्यात उतरते म्हणून युरोपीय संघाने २००४ साली त्याची मान्यता काढली.

आता हिशेब करू. पंधरा फूट लांब, सात फूट रुंद, तीन फूट खोल डोहात साधारण ९ हजार लिटर पाणी असते. ४१ टक्क्यांचे १०० मिली औषध घातलेला एक पंप त्यात उलटला, तर लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या वर औषध झाले. काही चाचण्यांत एवढ्याच्या आसपासच्या मात्रेत अर्धे पाणपिसू दोन दिवसांत लुळे पडले. भरलेल्या मोठ्या शेततळ्यात तेच औषध पातळ होते. पण ऑक्टोबरात नाल्याचे डोह आटतात, तेव्हा आपला पंप तिथेच धुतला जातो.

खारपाण पट्ट्यातल्या भावांनी हे जास्त मनावर घ्यावे. तुमच्या विहिरीचे पाणी खारे. गोडे पाणी काय ते पावसाने साठवलेले, नाल्यात नि शेततळ्यात. गुरे तेच पितात. ते हिरवेगार होऊन कुजले तर दुसरे आणणार कुठून?

म्हणून बैठकीतून उठताना चार गोष्टी ठरवून जा. पंप नाल्यावर भरायचा नाही, पाणी बादलीने शेतात आणायचे. पंप नि डबा तीनदा विसळून ते पाणी त्याच पिकात फवारायचे. नाल्याच्या काठचे गवत फवारायचे नाही, वाहून येणारी माती नि औषध तेच अडवते. आभाळ भरून आले असेल तर त्या दिवशी फवारणी बंद.

आणि गावी गेल्यावर संध्याकाळी काचेच्या पेल्यात डोहाचे पाणी घ्या, उजेडासमोर धरा. पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसले तर समजा पाणी जिवंत आहे. चार-पाच वेळा पाहूनही काहीच हलले नाही, तर त्या काठावर पंप कोण धुतो ते गावात विचारा. उत्तर आपल्याच घरात सापडले, तरी विचारा.