भेट रद्द करण्याचे साधन आणि त्याचे वर्णन

श्रोत्यांनी प्रथम एका दवाखान्याचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. बंगळूरच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर होसकोटे हे तालुक्याचे ठिकाण आहे. समजा, तेथील एका दवाखान्यात सुलिबेले, नंदगुडी या बाजूंनी रुग्ण बसने येतात. खिडकीपाशी एक अनुभवी कारकून बसलेला आहे. दूरध्वनीवरून कोणी “उद्या येणे जमणार नाही” असे कळविले, तर तो तत्काळ नोंदवहीत रेघ ओढीत नाही. “मग दुसरी वेळ देऊ का?” असे तो विचारतो. एकाच नावाचे दोन रुग्ण असल्यास गावाचे नाव विचारून घेतो. हे नियम कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसतात. ते त्याच्या अंगवळणी पडलेले असतात.

आता हेच काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रतिनिधीकडे, म्हणजेच एजंटकडे, सोपविले जाऊ लागले आहे. हा प्रतिनिधी माणसाचे बोलणे समजून घेतो आणि त्यानुसार निरनिराळी संगणकीय साधने चालवितो. अशी साधने त्याच्यापुढे मांडण्याची एक समान पद्धती, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रॉपिक या संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. तीत साधनाचे नाव, त्याचे शब्दांतील वर्णन आणि त्यास पुरवावयाच्या माहितीचा आराखडा प्रतिनिधीला मिळतो. साधनाची अंतर्गत रचना त्याला सहसा दिसत नाही. यास्तव वर्णन हे साधनाला मागाहून जोडलेले परिशिष्ट नव्हे. कारकुनाच्या अंगी जे अनुभवाने आलेले असते, ते प्रतिनिधीला या वर्णनातूनच मिळावयाचे असते.

“भेट रद्द करते” एवढेच वर्णन लिहिले तर काय घडेल? पहिला प्रश्न ओळखीचा आहे. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूरबरोबर होसकोट्याचाही अंतर्भाव होता, आणि मराठी बोलणारी कुटुंबे आजही कर्नाटकात आहेत. अशा कुटुंबातील आजीबाई “परवाची वेळ रद्द करा” म्हणाल्या, तर ती परवा यावयाची वेळ की परवा घेतलेली? मराठीत ‘परवा’ हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. म्हणून साधनाने दिवसाचे नाव नव्हे, तर नोंदीचा स्वतंत्र क्रमांक मागावा. आणि तो क्रमांक अंदाजाने भरू नये, भेटींची यादी पाहूनच घ्यावा, असे वर्णनात स्पष्ट लिहावे.

दुसरा प्रश्न पुनरावृत्तीचा. आज्ञा पोहोचली, परंतु उत्तर येण्यापूर्वी संपर्क तुटला, तर प्रतिनिधी तीच आज्ञा पुन्हा देईल. “रुग्णाची पुढची भेट रद्द करा” अशी आज्ञा असल्यास पहिल्या वेळी सोमवारची भेट जाईल आणि दुसऱ्या वेळी गुरुवारची! क्रमांकाने दिलेली आज्ञा मात्र कितीही वेळा दिली तरी परिणाम एकच राहतो. दुसऱ्या वेळी “ही भेट आधीच रद्द झाली आहे” असे उत्तर मिळावे, आणि ते अपयश मानू नये, हेही लिहून ठेवावे लागते. २०२५ च्या सुधारणेत या प्रोटोकॉलमध्ये साधन विनाशक आहे काय, पुनरावृत्ती निरुपद्रवी आहे काय, हे दर्शविणाऱ्या खुणांची सोय झाली. परंतु त्या केवळ सूचक आहेत. त्यांवर विसंबून शब्दांतील वर्णन टाळता येत नाही.

तिसरी गोष्ट अशी की रद्द करणे म्हणजे पुसून टाकणे नव्हे. दिनदर्शिकांच्या देवाणघेवाणीसाठी १९९८ मध्ये ठरलेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या इंटरनेट मानकांत रद्द केलेल्या प्रसंगाची ओळख कायम राहते. केवळ त्याची स्थिती बदलते. एफएचआयआर या वैद्यकीय माहितीच्या मानकातही ‘रद्द’, ‘रुग्ण आला नाही’ आणि ‘नोंद चुकीने झाली’ या तीन निराळ्या स्थिती आहेत. वर्णनात हा भेद नसेल, तर दोन दिवस आधी कळविणारा रुग्ण आणि न कळविता गैरहजर राहणारा रुग्ण एकाच रकान्यात जातील.

वेळेच्या मर्यादेचेही असेच. “चार तास आधीपर्यंत” असा नियम असेल, तर ते तास भारतीय प्रमाणवेळेने मोजावयाचे की जागतिक वेळेने, हे सांगितलेच पाहिजे. दोहोंत साडेपाच तासांचे अंतर आहे.

अखेरीस संमती. “जमणार नाही” हे निवेदन आहे, “रद्द करा” ही आज्ञा आहे. या दोहोंमधील प्रश्न कारकून स्वभावतःच विचारतो. प्रतिनिधीने तो विचारावा असे वाटत असेल तर तसे लिहावे लागते. दिवस, वेळ आणि डॉक्टरांचे नाव वाचून दाखवून होकार घ्यावा, आणि साधनाकडून यशाचे उत्तर आल्याखेरीज “रद्द झाली” असे सांगू नये. कारण मोकळी झालेली वेळ तत्क्षणी दुसऱ्यास दिली जाऊ शकते. मग ती परत मिळत नाही.

एका दिवसाची मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन एखादी आई होसकोट्याच्या बसस्थानकावर उतरते आणि दवाखान्यात गेल्यावर आपली पाळी रद्द झाल्याचे तिला कळते. तिने रद्द करावयास सांगितलेच नव्हते. यंत्राने आज्ञेबाहेर काहीच केलेले नसेल. वर्णनात एक वाक्य लिहावयाचे राहून गेले, एवढेच घडले असेल. वर्णन लिहिणाऱ्याने ते वाक्य लिहिताना या आईचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवावा. कारण त्या खिडकीपाशी तिच्याकडे पाहणारे दुसरे कोणी नसण्याचा संभव आहे.