शाल, श्रीफळ आणि पाकीट



"नृत्यात बी.ए. केलं, पुढे काय?" हे मला सहसा मुलगी विचारत नाही, शेजारी बसलेले तिचे वडील विचारतात. प्रश्न रास्त आहे. गेली कित्येक वर्षं मी कथक शिकवते आहे, तेव्हा आधी हिशेबच मांडते.

तासाभराचा एकल कार्यक्रम घ्या. तबला, संवादिनीवर लेहरा, गायन, पढंत म्हणजे बोल म्हणणं; वर ध्वनी, प्रकाश, रंगभूषा. तबलजींची बिदागी ठरलेली असते आणि ती त्यांना मिळायलाच हवी. सगळ्यांची पाकिटं देऊन झाली, की नाचलेल्या मुलीच्या हाती उरतात शाल आणि श्रीफळ. कधी पदरचेही जातात. नुसत्या रंगमंचावर घर चालवणारे फार थोडे. हे पदवीच्या पहिल्याच वर्षी कुणी सांगत नाही, याचा मला राग आहे.

घर चालतं ते क्लासवर. त्यात कमीपणा कसला? रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली. त्यांनी नाच केला, ग्रंथ लिहिले आणि आयुष्यभर शिकवलंही. मात्र क्लासचीही गंमत आहे. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात. ते पदरात पडले, की निम्मा वर्ग रिकामा!

गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद, अलंकार झालेल्या मुली विचारतात, मग पदवी कशाला? पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, कनकताई रेळे यांचं मुंबईचं नालंदा, बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ इथली पदवी एक दार नक्की उघडते: अध्यापनाचं. एम.ए.ला ५५ टक्के मिळवा आणि नेट द्या. जागा मोजक्या निघतात, हेही ऐकून ठेवा. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयाला, महिना ५ हजार, दोन वर्षं. त्यात पुण्यात खोलीचं भाडंही भागत नाही; तरी अर्ज करा.

मला खरी आशा वाटते ती कडेच्या कामांत. स्वच्छ पढंत करणारी मुलगी दुसऱ्यांच्या कार्यक्रमांना हमखास बोलावली जाते. भरतनाट्यमवाल्यांना नट्टुवांगम करणारं, म्हणजे झांजांवर ताल धरून बोल म्हणणारं, माणूस शोधत फिरावं लागतं. माझ्या वर्गात पढंतीला उभं राहायला मुली लाजतात, आणि मिळकत तर तिथेच आहे. 'नटरंग'सारख्या चित्रपटातली लावणी बसवणारं कुणीतरी लागतंच. शाळांना नृत्यशिक्षक लागतात. आणि नृत्यावर लिहिणारे? सुनील कोठारी मूळचे सनदी लेखापाल. पुढे देशातले अग्रगण्य नृत्यसमीक्षक झाले. मराठीत मात्र कार्यक्रमाच्या बातमीत 'रसिक मंत्रमुग्ध झाले' यापलीकडे क्वचितच काही छापून येतं. तत्कार आणि तिहाई कळणाऱ्या पदवीधराने ही जागा घ्यावी. पैसे थोडे मिळतील, पण नाव होईल आणि नावावर कामं येतात.

आता समोर बसलेल्या मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. यंदा गणेशोत्सवात एखाद्या नर्तकीला फोन कराल, तेव्हा "आमचा मंच मोठा आहे, तुम्हाला प्रसिद्धी मिळेल" हे वाक्य गिळा, आणि शालीचा रंग ठरवण्याआधी तिला मानधनाचा आकडा सांगा.