पाण्याचा भागाकारही शिकवा

(शिक्षक व कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



शाळांतून मृद्‌संधारण आणि जलसंधारण शिकवावे, याबद्दल आज कोणाचेच दुमत नाही. पाठ्यपुस्तकांत धडे आहेत, पावसाळ्यात वृक्षदिंड्या निघतात, भिंतींवर घोषवाक्ये रंगवलेली असतात. प्रश्न शिकवावे की नाही हा नसून, काय शिकवावे हा आहे.

ही मागणी तशी जुनीच. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, असे मांडले होते. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शेतात मुरवावे, असा आग्रह त्यांनी धरला. शाळा आणि शिवार यांची सांगड घालणारी दृष्टी आपल्याकडे एवढी जुनी आहे.

हे शिक्षण हातांनी सुरू व्हावे. दोन पसरट पाट्या उतरत्या ठेवा. एकीत उघडी माती, दुसरीत रुजलेले गवत. दोहोंवर झारीने सारखेच पाणी घाला आणि खाली वाहून येणारे पाणी बाटल्यांत धरा. एका बाटलीत गढूळ पाणी भराभर जमेल. दुसरीत ते थोडे, उशिरा आणि बरेच नितळ येईल. थेंबाचा मार मातीला कसा सुटी करतो आणि गवत तो कसा झेलते, हे मग फळ्यावर समजावून सांगावे लागत नाही. पुढे दोन काठ्या, मोजपट्टी आणि पारदर्शक नळी घेऊन मुलांना टेकडीवर न्या. नळीतल्या पाण्याच्या पातळीवरून समान उंचीच्या जागा शोधता येतात. त्या जोडल्या की समपातळी चराची रेषा मिळते. असा चर पाणी पळवत नाही, थांबवतो. काम माथ्याकडून पायथ्याकडे का करायचे, हेही मुलांना तिथेच उमगते.

नंतर गणित. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. गावाचे क्षेत्र १००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर ५०० कोटी लिटर झाले. यातले किती उडून जाते, किती वाहते, आपल्या काळ्या पाषाणात किती थोडे मुरते, हा हिशेब सातवीचा विद्यार्थीही मांडू शकतो. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पावसाळ्यानंतर असाच ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात.

परंतु बहुतेक ठिकाणी धडा इथेच संपतो. मुरलेले पाणी कोणाचे, हे कोणी विचारत नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव खोदले, ते प्रामुख्याने भूमिहीन मजुरांनी आणि अल्पभूधारकांनी. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या घामाने पाणी मुरले आणि वर आले ते ज्याची जमीन, ज्याची विहीर, ज्याचा पंप त्याच्याकडे. आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा जमीनमालकाचा हक्क १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याने मान्य केला. महाराष्ट्राने भूजलावर नियंत्रण ठेवणारा २००९ चा अधिनियम केला आहे. परंतु विहिरीत मजुराचा वाटा त्यानेही निर्माण झाला नाही.

वेगळी वाट याच मातीत काढली गेली. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचे: दर माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला कमाल अडीच एकरांचे. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येत नाही. आणि ऊस नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जन्मभर समतेची प्रमेये वाचावीत, ती इथे चार नियमांत मांडलेली आहेत, आणि दहा वर्षांच्या मुलालाही ती कळतात.

बीड जिल्ह्यातल्या किंवा पाथर्डी तालुक्यातल्या शाळांत हा विषय पुस्तकातून आणावा लागत नाही. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर मुलेही जातात आणि वर्गात रिकाम्या जागा दिसू लागतात. ज्यांच्या गावाला प्यायला पाणी पुरत नाही, त्यांची मुले सर्वाधिक पाणी पिणाऱ्या पिकाच्या फडात हिवाळा काढतात. हजेरीपटावरची ती गैरहजेरी हाच त्या शाळेचा जलसंधारणाचा धडा आहे.

काही शिक्षक विचारतील, हे राजकारण शाळेत कशाला? माझे उत्तर साधे आहे. बेरीज शिकवायची आणि भागाकार गाळायचा, हेही राजकारणच आहे; फक्त ते मुकाट्याने चालते. मुलांना घोषणा शिकवू नका. त्यांना मोजू द्या: गावात विहिरी किती, त्या किती कुटुंबांच्या, कोणत्या पिकाला किती पाणी, टँकर कोणत्या वस्तीवर येतो. निष्कर्ष त्यांचे त्यांना काढू द्या.

कार्यकर्त्यांना माझी एवढीच सूचना आहे. येत्या पावसाळ्यात आपल्या गावच्या शिक्षकांना भेटा, तलाठ्याकडून नकाशा मिळवून द्या, पाऊस मोजण्याचे साधे भांडे शाळेच्या अंगणात बसवा. आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, मुलांनी केलेला हिशेब मुलांकडूनच वाचून घ्या. उत्तर द्यायची जबाबदारी मग मोठ्यांची राहील.