सीझर कोणत्या गळ्यातून गातो?



आपल्याकडे प्रत्येक गायकाची पट्टी वेगळी. बुवा काळी एकमध्ये गातात, बाई काळी चारमध्ये, आणि राग तोच राहतो. ऑपेरात सहसा अशी मोकळीक नसते. संगीतकारानं जो स्वर लिहिला तो त्याच उंचीवर यायला हवा, कारण भोवतीच्या वाद्यांची वीण त्याच उंचीवर घातलेली असते. म्हणून एकच भूमिका एके ठिकाणी पुरुष गातो आणि दुसरीकडे बाई गाते, तेव्हा दोघंही नेमक्या त्याच स्वरांवर उभे असतात. ऐकण्याची खरी मजा इथे आहे.

उदाहरण घेऊ संगीतकार हेंडेलच्या 'जुलिओ चेझारे' या ऑपेराचं. इजिप्तमध्ये आलेला ज्युलियस सीझर, क्लिओपात्रा आणि तिचा कपटी भाऊ टॉलेमी यांची ही गोष्ट 1724 साली लंडनच्या किंग्ज थिएटरमध्ये रंगमंचावर आली. सीझर लिहिला होता सेनेसीनोसाठी. सेनेसीनो हा कास्त्रातो, म्हणजे लहानपणीच शस्त्रक्रिया करून ज्याचा आवाज फुटू दिला नाही असा गायक. स्वरयंत्र मुलाचं राहायचं, छाती पुरुषाची व्हायची, आणि दमसास विलक्षण असायचा. मुलांवर होणारा हा अत्याचार पुढे थांबला, ते योग्यच झालं. त्या गळ्यांसाठी लिहिलेल्या भूमिका मात्र मागे राहिल्या. त्या आता गायच्या कुणी?

विसाव्या शतकात बराच काळ सोपा मार्ग निघाला. सीझर एक सप्तक खाली उतरवायचा आणि खर्जातल्या पुरुषाला द्यायचा. 1966 साली न्यू यॉर्क सिटी ऑपेरात नॉर्मन ट्रीगलनं तो तसाच गायला, आणि त्या प्रयोगानं हे नाटक अनेकांपर्यंत पोचवलं. तरीही मला हा मार्ग पटत नाही. पहिल्या अंकात सीझर 'वा ताचितो' गातो. गुपचूप सावजाकडे सरकणाऱ्या शिकाऱ्याचं हे गाणं, आणि त्यात एकटा हॉर्न सीझरशी बोलत असतो. गायकाचं वाक्य हॉर्न उचलतो, हॉर्नचं वाक्य गायक. आवाज सप्तकभर खाली गेला की हॉर्न वर एकटा पडतो आणि ती गुंफण सुटते.

मग उरतात दोघं. एक मेझो-सोप्रानो, म्हणजे मधल्या उंचीचा, भरीव बायकी आवाज. दुसरा काउंटरटेनर, म्हणजे स्वरतंतूंच्या कडांचाच मुख्यतः वापर करून वरच्या पट्टीत गाणारा पुरुष. सीझर पुरुष, तेव्हा पुरुषानं गायलेलाच अस्सल, असं पुष्कळांना वाटतं. इतिहासाचा कौल तसा नाही. 1720 च्या एप्रिलमध्ये हेंडेलच्या 'रादामिस्तो'चा नायक रंगवला मार्गेरीता दुरास्तांती या गायिकेनं. डिसेंबरात सेनेसीनो हाताशी आल्यावर तीच भूमिका त्याला मिळाली आणि दुरास्तांती नायकाची पत्नी झाली! 'जुलिओ चेझारे'तही सेक्स्तुस या तरुण मुलाची भूमिका तिचीच होती. पुढच्या वर्षी सेक्स्तुस एका टेनरकडे गेला, तेव्हा हेंडेलनं त्याच्यासाठी नवी गाणी लिहिली. काउंटरटेनरचे गळे त्या वेळी इंग्लंडच्या चर्चमधल्या गायकवृंदांत होते, पण सीझरसारखे नायक त्यांच्या वाट्याला आले नाहीत. एकट्यानं गाणारा काउंटरटेनर पुन्हा मानाला चढला तो विसाव्या शतकात आल्फ्रेड डेलरमुळे. संगीतकार बेंजामिन ब्रिटननं 1960 साली आपल्या ऑपेरातला परीराजा ओबेरॉन त्याच्यासाठीच लिहिला.

आता कान कुठे लावायचा ते सांगतो. आधी खालचे स्वर ऐका. मेझोचा आवाज उतरत जातो तसा गडद होतो, छातीतून येतो, आणि तिथे हुकूम सोडणारा सेनापती उभा राहतो. काउंटरटेनरचा तो वरचा आवाज खाली विरळ होतो, म्हणून बरेचदा तो तिथे आपल्या नेहमीच्या पुरुषी आवाजात शिरतो. तो सांधा कानाला कळतो. चांगला गायक तो इतका मऊ करतो की शोधावा लागतो. मग तिसऱ्या अंकातलं 'आउरे' हे गाणं लावा. समुद्रातून जीव वाचवून आलेला, फौज हरवलेला सीझर वाऱ्याला विनवतो. पहिलाच स्वर लांबवलेला, हळूहळू फुगत जाणारा. काउंटरटेनर आंद्रेआस शोलच्या गळ्यात तो सरळ, निर्मळ, जवळजवळ निराधार लागतो. 2005 साली इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्नच्या ऑपेरा महोत्सवात मेझो सॅरा कॉनली गायली, तिच्या स्वरात थकलेल्या माणसाचं वजन आहे. (त्या प्रयोगात रोमन फौज ब्रिटिश साम्राज्याच्या गणवेशात आहे, आणि क्लिओपात्राची नाचगाणी थेट हिंदी सिनेमाच्या वळणाची. आपल्या प्रेक्षकांनी मुद्दाम पाहावा असा तो प्रयोग आहे.)

माझा कौल सीझरसाठी मेझोला. टॉलेमी मात्र काउंटरटेनरनंच गावा. त्या आवाजाच्या वरच्या टोकाला जी धार असते, तिच्यात त्या पोराचा हट्ट आणि क्रौर्य दोन्ही मावतात. ग्लाइंडबोर्नचा क्रिस्तोफ द्युमो ऐकून पाहा.

सेक्स्तुसच्या बाबतीत माझं मन अजून दोन्हीकडे ओढ घेतं. पहिल्या अंकाच्या शेवटी विधवा कोर्नेलिया आणि तिचा मुलगा सेक्स्तुस निरोपाचं युगुलगीत गातात. त्यात आई खाली आणि मुलगा वर. ग्लाइंडबोर्नला पॅट्रिशिया बार्डनबरोबर अँजेलिका किर्शलागर आहे, म्हणजे दोन्ही बायका, आणि आवाज इतके जवळचे की रक्ताचं नातं ऐकू येतं. 2012 च्या साल्झबुर्गच्या प्रयोगात आई आन सोफी फॉन ओटर आणि मुलगा काउंटरटेनर फिलिप जारुस्की. तिथे मुलाचा स्वर आईच्या वरून हलका, वेगळ्याच रंगाचा तरंगतो, आणि शिपायांनी दोघांना वेगळं करण्याआधीच तो तिच्यापासून सुटलेला वाटतो. दोन्ही लागोपाठ ऐका, आणि दुसऱ्यांदा ऐकताना फक्त आईच्या ओळीकडे लक्ष द्या.