परदेशात मोबाईलचे इंटरनेट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनी मी मागे स्वयंपाकाच्या बाजूला असते. मसालेभाताची मोठी पातेली आणि मी अशी आमची जोडी ठरलेली आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला पुढे बोलावले व विषयही त्यांनीच दिला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा यंत्राच्या पोटात काय चालते ते मी सांगू शकणार नाही. पण जे वापरून कळले ते सांगावयास हरकत नाही असे वाटले, म्हणून उभी राहिले.

हा विषय आपल्या मंडळात कशाला, असे कोणी म्हणेल. तर आपल्या आसपासच्या इमारतींकडे पाहा. १९९५ साली पिंपरीत मर्सिडीज मोटारी बनू लागल्या, २००९ साली तो कारखाना चाकणला गेला, त्याच वर्षी तेथे फोक्सवॅगनचाही कारखाना सुरू झाला. जर्मन, जपानी, कोरियन मंडळी इकडे आली आणि आपली मुले-मुली तिकडे जाऊ लागली. आज मुलगी किंवा सून परदेशी नाही असा जिना शोधावा लागेल. आणि बाळंतपण आले म्हणजे आईला बोलावणे येतेच! आपण काही सहलीला जात नाही, कामाला जातो. डिंक-मेथीचे लाडू बांधून घेतो, आणि फोनचे काय करावयाचे हे "जावईबापू बघतील" म्हणून सोडून देतो.

माझे माहेर नारायणगावच्या बाजूचे. चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे गेले की मंचर, मग नारायणगाव, आणि जवळच आर्वी. तेथे १९७१ साली भारतातले पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. विक्रम साराभाईंचे नाव त्याला दिले आहे. आम्ही लहान असताना ती भली मोठी तबकडी लांबून दिसे. आमच्या आजीला वाटे की ती पाऊस धरण्यासाठी आहे! साहेबलोकांचे परदेशचे फोन तिच्यातून आकाशात जातात असे मास्तर सांगत. पण गावात मात्र एका डॉक्टरांकडे फोन होता, आणि तोही बहुधा बंद. पुढे पिवळ्या पाटीचे बूथ आले. काचेच्या पेटीत उभे राहून, लाल आकड्यांकडे डोळे लावून बोलावयाचे. १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले म्हणतात. आमच्यापर्यंत ते यावयास वीस वर्षे लागली. आता बहुतेक सारी परदेशी बोलणी आकाशातून जात नाहीत, समुद्राच्या तळाच्या तारांतून जातात, आणि त्यांतल्या पुष्कळ तारा मुंबईला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात.

२०२४ च्या मे महिन्यात मी मुलीच्या बाळंतपणासाठी जर्मनीत श्टुटगार्टला गेले. व्हिसा ९० दिवसांचा. जाण्यावरून घरात बरेच बोलणे झाले, ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. सासूबाईंना पुष्कळ वर्षांची साखर आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन मी देते. हे कारखान्यात पाळीवर जातात, मुलाचे कॉलेज. सासूबाई म्हणाल्या, "तू जा. पोरीला आई पाहिजे. सुई माझी मी टोचीन, पण तू समोर दिसली पाहिजेस." म्हणजे रोज संध्याकाळी साडेसातला फोनवर मी दिसावयाचे, त्यांनी आकडा दाखवावयाचा, मी "बरोबर" म्हणावयाचे, मग सुई. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. म्हणजे तेथे दुपारचे चार. आणि चार वाजता मी घरात असेनच असे कोठे होते? कधी मुलीबरोबर डॉक्टरकडे, कधी भाजी आणावयास. घरच्या वायफायवर भागण्यासारखे नव्हते. इंटरनेट माझ्या पदराला बांधलेले पाहिजे होते.

आमच्या नात्यातले एक गृहस्थ दुबईला चार दिवस जाऊन आले होते. त्यांनी इथलेच सिम तसेच वापरले, कसलाही पॅक न घेता. महिनाअखेर असे बिल आले की त्यांनी तो कागद दोनदा उलटून पाहिला. तेव्हापासून आमच्या घरात रोमिंग हा शब्द भुताखेताप्रमाणे उच्चारला जाई. म्हणून आधी तो शब्द समजून घेतला.

आपले सिम परदेशात नेले म्हणजे ते तिथल्या कंपनीच्या मनोऱ्यावर पाहुणे म्हणून उतरते. पाहुण्याच्या जेवणाचे पैसे ती कंपनी आपल्या कंपनीकडून घेते, आणि आपली कंपनी आपल्याकडून. ठरवून गेलात, म्हणजे आधी पॅक घेतलात, तर खानावळीचा दर. न ठरवता गेलात तर घासाघासाला पैसे. आणि फोन हा असा खादाड पाहुणा की आपण झोपलो तरी तो खातोच! फोटो आपोआप वर चढवतो, ॲप नवे करून घेतो, नातेवाइकांच्या गटात आलेले सुप्रभातचे व्हिडिओ उतरवून घेतो. हे सारे निघण्यापूर्वी बंद करावे. पॅक घेताना "एक दिवस" म्हणजे चोवीस तास की मध्यरात्र ते मध्यरात्र, आणि मध्यरात्र कोणत्या देशाची, हे विचारून घ्यावे. विमानात तर फोन विमान मोडवर ठेवावाच. काही विमानांत स्वतःचे नेटवर्क असते आणि तिथला दर साध्या पॅकमध्ये बसतोच असे नाही.

दुसरा मार्ग ई-सिमचा. म्हणजे कार्ड नसलेले सिम. पैसे भरले की ठिपक्यांचे एक चौकोनी चित्र येते, ते फोनच्या कॅमेऱ्याने टिपले की सिम फोनात बसते. आता चित्र ज्या फोनवर आले त्याच फोनच्या कॅमेऱ्याने ते कसे टिपणार? माझ्या मुलाने ते सरळ कागदावर छापून आणले, आणि निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर बसवून टाकले. फ्रँकफुर्टला उतरून फोन सुरू केला आणि दोन मिनिटांत "पोहोचले" असा निरोप घरी गेला. मात्र सर्व फोनांत ई-सिम चालत नाही, हे आधी पाहावे. शिवाय अशा बऱ्याच ई-सिमांना फोन नंबर नसतो, नुसते इंटरनेट असते. आपल्याला तेवढे पुरते, कारण व्हॉट्सॲप जुन्या भारतीय नंबरावरच चालू राहते. ते नवा नंबर घ्या असे विचारील, तेव्हा नको म्हणावे.

तिसरा मार्ग तिथलेच सिम घेण्याचा. दिवसांच्या कामाला पहिला मार्ग, आठवड्यांना दुसरा आणि महिन्यांना तिसरा, असे माझे मत झाले आहे. जर्मनीत सिम किराणा दुकानातसुद्धा मिळते, चार-चार आठवड्यांचे पैसे भरावयाचे असतात. पण १ जुलै २०१७ पासून तेथे ओळख पटवल्याशिवाय सिम सुरू होत नाही. मी पासपोर्ट घेऊन गेले, तो त्यांनी तपासला आणि सिम माझ्या नावावर झाले. जावईबापू म्हणत होते, "आई, माझ्या नावावर घेऊ, लवकर होईल." मी म्हटले, "नको, मला रांगेत उभे राहण्याची सवय आहे." तिकडे पाहिलेले सांगते. नवऱ्याच्या नोकरीवर गेलेल्या आपल्या कित्येक मुलींना स्वतःचे सिम नसते. नवरा कामावर गेला की फोन फक्त घरच्या वायफायपुरता. मग त्या खाली उतरत नाहीत, कारण रस्ता चुकला तर विचारणार कोणाला आणि कोणत्या भाषेत? स्वतःचे सिम असलेली बाई दुसऱ्या आठवड्यात बाजार करू लागते. मी तर जर्मन शिकले नाही, पण दुधाच्या डब्यावर कॅमेरा धरला की फोन मराठीत वाचून दाखवी. कधी कधी हसू येण्यासारखे मराठी असे, परंतु दूध कोणते आणि ताक कोणते एवढे कळे.

युरोपच्या संघातील देशांत १५ जून २०१७ पासून एक सोय आहे. त्यातल्या एका देशाचे सिम दुसऱ्या देशात नेले तरी थोड्या दिवसांच्या प्रवासाला घरच्याच दराने चालते. स्वित्झर्लंड मात्र त्या संघात नाही. आम्ही एकदा बोडन सरोवराला गेलो होतो. समोरचा काठ स्विस. अशा जागी आपण पाय जर्मनीत ठेवून उभे असलो तरी फोन पलीकडचा मनोरा धरू शकतो. जावईबापूंनी तेथे पोहोचण्याआधीच सर्वांची रोमिंग बंद करावयास सांगितली होती.

आता १७ जुलैचे सांगते. त्या दिवशी आषाढी एकादशी. मी मुलीला डॉक्टरकडे नेऊन ट्रामने परत येत होते. चार वाजता फोन लावला, सासूबाईंनी आकडा दाखवला, बरोबर होता, सुई झाली. त्या म्हणाल्या, "आता भगर खाते." साडेचार वाजता मला राहवेना, म्हणून पुन्हा लावला. फोन त्यांच्या खाटेजवळ स्टँडवर असतो, हिरवे बटण त्यांना दाबता येते. समोर पाहते तो कपाळावर घाम, बोलणे तुटक, आणि मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारीत होत्या. भगरीचे ताट तसेच. हे दुसऱ्या पाळीला, मुलगा क्लासला. मी लगेच शेजारच्या काकूंना फोन केला. त्या आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, लाजू नका काकू! त्यांच्याकडे आमची किल्ली असते. त्या धावत गेल्या. सासूबाई शुद्धीवर होत्या, गिळता येत होते, म्हणून साखरेचे पाणी द्यावयास सांगितले. शुद्ध नसती तर तोंडात काही घालावयाचे नसते, थेट दवाखाना गाठावयाचा असतो. पंधरा मिनिटांनी काकूंनी यंत्रावर साखर पाहिली, अजून कमी होती, पुन्हा साखरपाणी दिले. मग भगर आणि आमटी. तोवर ट्राम आमचा थांबा सोडून चार थांबे पुढे गेली होती. मुलगी आठव्या महिन्यातली, पोटावर हात ठेवून माझ्याकडे पाहत बसली होती. सासूबाई शेवटी मला म्हणाल्या, "तू अजून ट्राममध्येच का? पोरीला उपाशी ठेवू नकोस." तेव्हा माझे हात थरथरावयाचे थांबले.

त्या दिवशी इंटरनेट घरच्या वायफायपुरते असते तर काय झाले असते, हा विचार मी फार वेळ करीत नाही.

आता राहिलेले चार शब्द घाईने सांगते. आपले भारतीय सिम फोनात राहू द्यावे. त्याचे इंटरनेट बंद, पण रोमिंग सुरू, म्हणजे बँकेचा ओटीपी येतो. रोमिंग कंपनीकडून सुरू करणे वेगळे आणि फोनमधले डेटा रोमिंगचे बटण वेगळे. पहिले हवे, दुसरे त्या सिमपुरते नको. त्या सिमवर आलेला फोन उचललात तर मात्र पैसे पडतात. आणि काहीही वापर न होता ९० दिवस गेले व पैसेही भरले नाहीत, तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. मग आपली बँक, गॅस, आधार, सगळ्यांचे निरोप त्या परक्या माणसाकडे! म्हणून घरच्या मुलाने इथून वेळेवर रिचार्ज करीत राहावे.

दुबई-अबुधाबीकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तेथे व्हॉट्सॲपवर लिहिता येते, पण बोलणे सहसा लागत नाही. चीनमध्ये तर तिथल्या सिमवर व्हॉट्सॲप आणि गुगल दोन्ही अडवलेले आहेत. तेथे भारतीय सिमचे रोमिंगच कामाला येते. स्टेशनवरच्या फुकट वायफायवर गप्पा माराव्या, बँक उघडू नये. आणि युरोपात कोठेही संकटात ११२ लावावा, त्याला पैसे लागत नाहीत. जर्मनीत मात्र फोनमध्ये चालू सिम असल्याशिवाय तो लागत नाही. नकाशा व भाषांतराची जर्मन भाषा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावी, म्हणजे बोगद्यातही अडत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नात झाली. सासूबाईंनी पणतीला पहिल्यांदा पाहिले ते फोनवरच, आणि दृष्ट काढली तीही फोनवरच. मीठमोहऱ्या चिंचवडात, बाळ श्टुटगार्टला.

दिवाळीनंतर आपल्यातल्या ज्या निघणार आहेत, त्यांनी गुरुवारी दुपारी तीननंतर माझ्याकडे यावे. फोनमध्ये ई-सिम चालते का ते आपण बसून पाहू. माझा मुलगाही त्या दिवशी घरी असतो. येताना फोन चार्ज करून आणा, आणि चष्मा विसरू नका.