भांग कुठून कुठे नेणार?

माझं कपाळ तुम्हाला दिसतंच आहे, तेव्हा विषय काय ते वेगळं सांगत नाही.

मी इंदूरचा. सव्विसाव्या वर्षी केस मागे सरकायला लागले. मग डाव्या कानाजवळ भांग काढायचा आणि लांब वाढवलेले केस उजवीकडे नेऊन चापून बसवायचे, असं सहा वर्षं केलं. मुलगी बघायला गेलो, त्यांनी पाहुण्यांसाठी पंखा लावला आणि माझा हात आपोआप डोक्यावर गेला. तो पोहे संपेपर्यंत खाली आलाच नाही. लग्न जमलं नाही. कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गंमत म्हणजे या झाकाझाकीचं अमेरिकेत चक्क पेटंट होतं! फ्लोरिडातल्या स्मिथ बापलेकांना ते १९७७ साली मिळालं: केसांचे तीन भाग करून तीन बाजूंनी टकलावर आणायचे. २००४ साली त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणारं बक्षीसही मिळालं. मला तेव्हा हसू आलं नसतं.

शेवटी आमच्या न्हाव्यानंच ऐकवलं, "भैया, जितना छुपाओगे, उतना दिखेगा." खरंच आहे. विरळ केस लांब झाले की त्यांच्या बटा होतात आणि दोन बटांमधून टाळू दिसते. तेल किंवा जेल लावलं की आणखीच. तेल लावायचंच तर रात्री लावा, सकाळी धुऊन टाका. आईला वाईट वाटेल, पण चालेल.

आता कट. फक्त कपाळाचे कोपरे गेले असतील, तर वर दोन-तीन सेंटीमीटर केस ठेवा, ते थोडे पुढे येऊ द्या आणि बाजू बारीक करा. बाजू भरघोस राहिल्या की वरचं आणखी विरळ वाटतं. बहुतेकांची चूक इथेच होते. भोवऱ्यापाशी विरळ झालं असेल, तर मागे फणी फिरवू नका. सगळीकडे सारखी मशीन मारा: दोन नंबर म्हणजे साधारण सहा मिलिमीटर, एक नंबर म्हणजे तीन. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे दर तीन आठवड्यांनी खुर्चीत बसायची तयारी हवी. आणि पुढचा कोपरा नि मागचा भोवरा एकमेकांना भेटले असतील, तर सरळ वस्तरा. दाढी असेल तर कल्ले वरून खाली हळूहळू दाट करत आणा, मधेच रेघ नको. उन्हात मात्र टोपी किंवा सनस्क्रीन लागतंच. हे मी सोलवटलेल्या टाळूनं शिकलो.

एकदम गुच्छानं केस जायला लागले किंवा चाईसारखा गोल चट्टा पडला, तर न्हाव्याकडे नाही, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मिनॉक्सिडिलसारखं औषधही त्यांनाच विचारून घ्या. त्याला काही महिने लागतात, आणि थांबवलं की फायदाही जातो.

मी बत्तिसाव्या वर्षी एक नंबर मारला. घरी आलो तर आई दोन मिनिटं बघतच राहिली. मग म्हणाली, "अगदी बाबांसारखा दिसतोस रे." आणि पंखा लावला.